माँट्रियलला येताय, तर टायरचं आधी बघा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहायला बसेपर्यंत आज दुपार झाली. ऑक्टोबरच्या मध्यावर माँट्रियलला पोचताय, बरोबर बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, आल्या आल्या जुनी गाडी घेणार. हिवाळी टायर घरच्या घरी बदलता येतात का, आणि बदलल्यावर हवेचा पिवळा दिवा लागून राहतो म्हणतात त्याचं काय करायचं, असं विचारलंत. टायर घरी बदलता येतात. मी 2019 पासून स्वतः बदलते आहे. दिव्याचंही घरी जमतं, पण त्याला थोडी समज लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

कायदा सरकारी पानावर आहे, तो मी उगाळत नाही. क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे, नाहीतर 200 ते 300 डॉलर दंड. पण 1 डिसेंबर ही कायद्याची तारीख झाली, रबराची नव्हे. पारा 7 अंशांच्या खाली रेंगाळू लागला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी हवी तिथे थांबत नाही. इथे ती वेळ ऑक्टोबर संपता संपता येते. म्हणजे तुम्ही विमानातून उतराल तेव्हा हाती दोन-तीन आठवडे असतील, आणि त्याच दिवसांत सगळ्या शहराला गॅरेजची वेळ हवी असते.

जुनी गाडी विकणारा सांगेल, हिवाळी टायर सोबत देतो. वाकून बघा. टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं, नुसती एम आणि एस ही अक्षरं इथे चालत नाहीत. त्याच कडेवर डीओटी म्हणून लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 3217 असेल तर टायर 2017 च्या 32 व्या आठवड्यातला, तो कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही. नक्षीची खोली मोजा. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरते, बर्फाला पुरत नाही. 4.8 च्या खाली गेलेला टायर ओल्या बर्फात घसरतो, हे मी अनुभवाने सांगते आहे.

आता मुख्य गोष्ट. घरी बदलायचे असतील तर हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवलेले हवेत. रिमवरून टायर काढणं आणि दुसरा चढवणं हे मशीनचं काम, ते घरी होत नाही. दुसरा रिमचा संच घेतलात की उरतं ते चाक बदलणं, आणि स्टेपनी तर आपण सगळ्यांनी कधी ना कधी बदललेली असते. लोखंडी रिम घ्या. दिसायला साध्या, पण रस्त्यावरचं मीठ सोसतात आणि खड्ड्यात वाकल्या तरी फुटत नाहीत. रिम बाहेरच्या कंपनीची असेल तर नट कुठले बसतात ते विचारूनच घ्या. काही गाड्यांच्या मूळ नटांचं टोक गोलसर असतं आणि बाहेरच्या रिमला निमुळतं लागतं. चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सुटतो.

हत्यारांत कंजुषी करू नका. गाडीसोबत येणारा जॅक रस्त्यावरच्या अडचणीपुरता असतो. चाकं बदलायला जमिनीवरचा हायड्रॉलिक जॅक, खाली लावायला स्टँड, उलट बाजूच्या चाकाला ठोकळा आणि टॉर्क पाना (नट ठरल्या जोरानेच आवळता येतो असा पाना) एवढं हवंच. गाडी जमिनीवर असतानाच नट पाव फेरा ढिले करा, मग उचला. इथल्या मिठाने चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, चिकटून बसतं. चाकाला आतून लाकडाच्या ठोकळ्याने ठोका, लाथा मारू नका. चाक निघालं की हबचा गंज तारेच्या ब्रशने घासा आणि पुसट ग्रीस फक्त हबच्या तोंडावर लावा, बोल्टच्या आट्यांना अजिबात नको. नट हाताने लावायचे, समोरासमोर आळीपाळीने आवळायचे, आणि शेवटचं आवळणं गाडी खाली आणून टॉर्क पान्याने. किती न्यूटन मीटर ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुतेक साध्या गाड्यांना 100 ते 140 च्या दरम्यान. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. हा पुन्हा तपासायचा भाग लोक सोडून देतात, आणि गॅरेजमधून बदलून आणलेलं असलं तरी तो आपल्यालाच करायचा असतो.

काढलेल्या चाकांवर खडूने लिहा, कुठलं कुठे होतं. मी 'पुडा', 'पुउ', 'माडा', 'माउ' असं मराठीत लिहिते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इथल्या जुन्या घरांचे जिने बाहेरून असतात, लोखंडी, वळणाचे, बर्फ पडला की निसरडे. एकेक चाक अठरा-वीस किलोचं. म्हणून सांगते, घर घेताना तळघरात सामानाची जागा मिळते का ते विचारा, नाहीतर टायर गॅरेजमध्ये ठेवायचे पैसे दर हंगामाला भरावे लागतील.

आता मी हे का शिकले ते सांगते, कारण तुमच्यासोबत मुलगी आहे.

आम्ही 2017 च्या ऑगस्टमध्ये आलो. मुलगा दहा वर्षांचा होता. स्थायी रहिवासी म्हणून आलात तर मूल फ्रेंच शाळेत जातं, हे तुम्हाला ठाऊक असेल. 1977 पासूनचा नियम आहे. तुम्ही तात्पुरत्या परवान्यावर असाल तर इंग्रजी शाळेची मुभा मागता येते, पण 2022 च्या बदलानंतर ती तीन वर्षांपुरतीच. आमचा मुलगा वर्षभर नवागत मुलांच्या स्वागतवर्गात होता आणि दुसऱ्या वर्षी सहावीच्या नेहमीच्या वर्गात गेला. पहिला हिवाळा आम्ही बस आणि मेट्रोवर काढला. 2018 च्या सप्टेंबरात गाडी घेतली. लायसन्स फक्त माझ्याकडे होतं, तेही केवढ्या खटपटीनंतर. चौदा वर्षं गाडी चालवलेली असूनही मला इथली लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही द्याव्या लागल्या, आणि त्याआधी काउंटरवर मूळ लायसन्स कधीचं याचा पुरावा मागितला, कारण माझ्या कार्डावर नूतनीकरणाचीच तारीख ठळक होती. तो एक कागद तिकडच्या कार्यालयातून यायला साडेचार महिने गेले. भावाने सात चकरा मारल्या. तुम्ही निघण्याआधी तो काढून, भाषांतर करून, सोबतच आणा.

तर गाडी माझ्या नावाची, लायसन्स माझं, आणि गॅरेजने टायरसाठी दिलेली वेळ नोव्हेंबरातल्या एका गुरुवारची, संध्याकाळी पावणेपाच. ती तीन आठवडे आधी मिळाली होती. त्याच गुरुवारी पाच वाजता शाळेने पालकांना बोलावलं. मी गॅरेजला फोन केला तर पुढची वेळ 20 डिसेंबरची. कायद्याची मुदत तेव्हा 15 डिसेंबर होती. त्या आठवड्यात पहिला बर्फ पडून गेलेला. मी टायर निवडले. शाळेत नवरा गेला.

घरात फ्रेंच मला जास्त येत होतं. सहा महिने मी संध्याकाळचा वर्ग केला होता, त्याला नोकरीमुळे जमलं नव्हतं. त्या भेटीत त्याच्यासमोर एक कागद ठेवला गेला, बाई हसून बोलल्या, त्याने सही केली. घरी येऊन म्हणाला, ठीक चाललंय म्हणतात. कागद फाइलमध्ये गेला. जूनमध्ये कळलं की मुलाला सहावी पुन्हा करायची आहे आणि पालकांची संमती नोव्हेंबरातच घेतलेली आहे. मी तो कागद काढून वाचला. मला सगळा कळला. भेटीला मी असते तर मी विचारलं असतं, की गणितात याचे गुण वर्गात वरचे आहेत, भाषेसाठी आख्खं वर्ष का, जादा तास का नाहीत. कदाचित उत्तर तेच मिळालं असतं. पण मी विचारलं असतं.

त्याची मित्रमंडळी पुढे माध्यमिक शाळेत गेली आणि तो त्याच इमारतीत राहिला. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तो दप्तर पाठीला लावून दारात उभा होता आणि त्याने मला बुटाची नाडी बांधायला सांगितली. बारा वर्षांचा मुलगा. आज तो अठराचा आहे, अभ्यासात चांगला आहे, त्याच्या फ्रेंचला कोणी नावं ठेवू शकत नाही. एक वर्ष फार नसतं असं सगळे म्हणतात. नवऱ्याला मी त्याबद्दल कधी बोलले नाही. बोलले नाही हे बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही.

त्या उन्हाळ्यात मी जॅक आणि टॉर्क पाना विकत आणला. गॅरेजची वेळ आमच्या घरात पुन्हा कशाच्याही आड येऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

आता पिवळा दिवा. आधी तुमची गाडी कुठल्या जातीची ते ओळखा. काही गाड्यांत चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नसतोच. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, चाकांचा वेग मोजतं, हवा कमी झालेलं चाक जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. असं असेल तर चाकं बदलून, हवा बरोबर भरून, गाडीतलं बटण किंवा मेनू वापरून रीसेट करायचं, झालं. दुसऱ्या जातीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर असतो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. गाडीला ते चार क्रमांक पाठ असतात. दुसरी चाकं लावली की ती आपले चार शोधत राहते. अमेरिकेत सप्टेंबर 2007 पासून नव्या हलक्या गाड्यांना हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे, कॅनडात सक्ती नाही, म्हणून इथे बरेच जण हिवाळी चाकांत सेन्सर घालतच नाहीत आणि चार-पाच महिने दिवा लागलेला ठेवतात.

मीही दोन हिवाळे तसेच काढले. 2022 च्या फेब्रुवारीत क्वेबेक शहराहून 20 नंबरच्या हायवेने परत येत होतो. ड्रमंडव्हिलच्या आसपास गाडी उजवीकडे ओढायला लागली. मागचं चाक बसत चाललं होतं. दिवा लागलेलाच होता, तो आणखी काय सांगणार. बाहेर उणे 22, अंधार, मुलगा मागे झोपलेला. सेन्सर न घालण्याचा सल्ला मी त्या दिवसापासून कुणाला देत नाही.

दिवा वाचायला शिका. गाडी सुरू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर गाडीला सेन्सर सापडत नाहीये. न लुकलुकता स्थिर लागला, तर खरोखर हवा कमी आहे. आणि इथल्या थंडीत हवा कमी होतेच. पारा दर साडेपाच अंश उतरला की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). 20 अंशांना 33 भरलीत तर उणे 25 च्या पहाटे ती 25 वर येते, आणि ठरल्याहून पाव हिस्सा कमी झाली की दिवा लागतो, म्हणजे नेमका तिथेच. तेव्हा हवा थंड टायरमध्ये मोजा, गाडी चालवण्याआधी, बाहेरच्या गारठ्यात. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीवर असतो. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो नव्हे.

हिवाळी चाकांसाठी मी प्रोग्राम करता येणारे सेन्सर घेतले आणि एक वाचक टूल घेतलं. टूल उन्हाळी चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरलं की त्या सेन्सरचा क्रमांक दिसतो. तोच क्रमांक नव्या सेन्सरमध्ये लिहायचा. मग गाडीला फरक कळत नाही, नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये चाकं बदलून नुसतं निघायचं. हे लिहिण्याचं काम टायर रिमवर चढवण्याआधी करा. क्रमांक असा उतरवून घेतला नाही, तर काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर नवे क्रमांक आपणहून शिकतात, काहींना पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं या क्रमाने टूल दाखवावं लागतं आणि हॉर्न वाजून पावती मिळते, काहींत ओबीडी सॉकेटमधून (डॅशबोर्डखालची, गाडीच्या संगणकाला जोडायची जागा) क्रमांक घालावे लागतात. फ्रिक्वेन्सीही जुळायला हवी, 315 की 433 मेगाहर्ट्झ, ते सेन्सर घेतानाच बघा. सेन्सरची बॅटरी सीलबंद असते, पाच ते दहा वर्षं चालते, मग अख्खा सेन्सर बदलायचा. जुनी गाडी घेताय, हे लक्षात असू द्या.

आणि व्हॉल्व्हच्या टोप्या प्लॅस्टिकच्याच ठेवा. सेन्सरची नळी ॲल्युमिनियमची असेल तर आतली कोअर (हवा अडवणारी बारीक झडप) निकेलचा मुलामा दिलेली हवी, साधी पितळी नको. मिठाच्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात, कोअर आत जाम होते आणि हवा भरताना नळी तुटते.

एकटेपणाचं शेवटच्या ओळीत विचारलंत. येतो. फेब्रुवारीत जास्त येतो. तुम्ही तिघं आहात, निभावेल.

गाडी घेतलीत की मॉडेल, वर्ष आणि दाराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा, ती कुठल्या जातीची ते मी सांगेन. जॅक, स्टँड आणि टूल पहिल्या वर्षी माझं वापरा. आमच्या मागच्या गल्लीत सपाट जागा आहे, मुलगा चाकं उचलायला येतो. नोव्हेंबरातला पहिला किंवा दुसरा रविवार सांगा. त्या महिन्यातल्या आठवड्याच्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा, शाळा पालकांना तेव्हाच बोलावतात.