फरशी बसायच्या आधी पाइप टाका

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. भिंती दीड फुटी. राउटर ओटीवर. माजघरापर्यंत वायफाय कसंबसं येतं, पण सून मागच्या खोलीत बसून काम करते तिथे पत्ताच नाही. आता कोबा फोडून टाइल्स बसवतोय, तेव्हाच जमिनीखालून लॅनची वायर न्यावी म्हणतो. वायरमन म्हणतो, लाइटच्याच पाइपातून ओढू. गवंडी म्हणतो, वायर तशीच मालात दाबून टाकू. कुणाचं ऐकू? आणि गोठ्यावर कॅमेरा लावायचाय, तीच वायर तिथवर नेली तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : काका, दोघांचंही ऐकू नका. वायरमनचं तर मुळीच नाही. लॅनच्या वायरीचं आवरण घरातल्या २३० व्होल्टसाठी केलेलं नसतं. ओढताना कुठे खरचटलं, तर लाइटचा करंट थेट सुनेच्या लॅपटॉपपर्यंत जाऊ शकतो. लाइटचा पाइप वेगळा, लॅनचा वेगळा, मध्ये फूटभर अंतर. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

गवंड्याच्या सल्ल्यातली गोम अशी, की मालात गाडलेली वायर बिघडली की फरशी फोडण्यावाचून इलाज नाही. म्हणून आधी पाइप, वायर नंतर. २५ मिमीचा, हेवी प्रकारचा पीव्हीसी पाइप घ्या. हलका घेतलात तर मालाचं घमेलं पडूनच तो चेपेल. दर खोलीला वेगळा पाइप, आणि रस्त्यावरून इंटरनेटची फायबर (काचेच्या तंतूची केबल) जिथून घरात शिरते तिथून राउटरपर्यंत एक जादा. दुकानदार काटकोनी एल्बो गळ्यात मारेल, तो नको. लांब वळणाचे बेंड घ्या आणि दोन बॉक्सांमध्ये दोनपेक्षा जास्त वळणं येऊ देऊ नका. प्रत्येक सांध्याला पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावायलाच हवं, नाहीतर सिमेंटचं पाणी आत शिरून तिथेच घट्ट होतं.

पाइप मोकळा आहे की नाही, हे टाइल लागायच्या आधी बघा. कॅरीबॅगचा बोळा करून त्याला नायलॉनची दोरी बांधा, एका तोंडात सरकवा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. बोळा दोरीसकट सुळकन पलीकडे येतो. नाही आला, तर गवंडी अजून घरात आहे तोवर शोधा. दोरी आतच राहू द्या, पुढे वायर ओढायला तीच कामी येते. मग भिंतीपासून टेप धरून प्रत्येक पाइपाचे फोटो काढून ठेवा. उद्या दाराच्या स्टॉपरसाठी कुणी ड्रिल घेऊन आला की ते दाखवा.

तुमच्याकडची खरी अडचण ओलीची. कोकणात जमिनीतल्या पाइपात पाणी साचतंच, कितीही बंदोबस्त करा. त्यामुळे इथे आतल्या वापराची साधी वायर नको, बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची, जेल भरलेली कॅट ६ दर्जाची लॅन वायर घ्या. जेल हाताला चिकटतं, टोकं जोडणारा कुरकुर करेल, करू द्या. सॉकेटचे बॉक्स जमिनीत न बसवता भिंतीत फूटभर उंचावर बसवा, म्हणजे फरशी धुताना पाणी जाणार नाही. कॅट ६ वर १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत मिळतो, तुमचं घर त्याच्या आत सहज बसतं. महागडी कॅट ६ए घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. वायर विकत घेताना मात्र एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

गोठ्यापर्यंत तांब्याची वायर अजिबात नेऊ नका. तुमच्याकडे मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कशा कडाडतात, ते मी सांगायला नको. जवळपास वीज पडली की अशा वायरीतून दाब घरात शिरतो आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सगळं जळतं. तिथवर फायबर न्या, पण आत धातूची तार नसलेली. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची वायर यांची सांगड घालणारी डबी, लावा. कॅमेऱ्याची वीज गोठ्यातल्या लाइटवरून घ्या.

प्रश्न : ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. फरशी बदलताना स्लॅब जरासा खोदून लॅनचा पाइप बसवला तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्लॅबला छिन्नीही लावू नका. आत सळ्या आहेत, आणि खाली शेजाऱ्यांचं छत आहे. जुनी फरशी काढल्यावर स्लॅबच्या वर मालाचा थर किती उरतो ते मोजा. दोन इंच मिळत असेल तर २० मिमीचा पाइप त्यातच बसतो, खोदायची गरज नाही. बाथरूमच्या बाजूने नेऊ नका, तिथलं वॉटरप्रूफिंग एकदा फाटलं की खालच्यांशी रोजची भांडणं. थर कमी असेल, तर फॉल्स सीलिंगमधून न्या, नाहीतर भिंतीच्या कडेने पट्टीतून. पट्टी दिसेल थोडी, पण तिच्यापुढे सोफा येतोच.