‘माझी ओळखच कळत नाही, तर कोर्स कसा निवडू?’

प्रश्न : मी नागपूरला बारावी विज्ञानला आहे. चित्रं काढते, गाणी लिहून मोबाइलवर रेकॉर्ड करते. पण चित्रं इन्स्टाग्रामवरच्या कुणासारखी तरी होतात आणि रेकॉर्ड केलेला आवाज माझा वाटतच नाही. मी नेमकी कोण हेच कळत नाही, तर चित्रकला घ्यावी की संगीत? आई म्हणते, आधी इंजिनिअरिंगची सीईटी, छंद नंतर.

उत्तर : तू क्रम उलटा लावला आहेस. ओळख आधी सापडते आणि मग तशी चित्रं निघतात, असं होत नाही. तीसेक पूर्ण झालेली कामं जमिनीवर मांडली की आपण पुन्हापुन्हा कुठे वळतो ते दिसायला लागतं. अर्धवट सोडलेल्या कामांतून ते दिसत नाही, म्हणून आधी पूर्ण करायची सवय लाव.

आवाजाचं म्हणशील तर त्यात तुझा दोष नाही. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, आणि त्या वाटेनं येताना खालचे सूर भारदस्त होतात. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. इतर लोक तुला जवळपास तसंच ऐकतात. ऐकत राहिलीस की सवय होईल. खरी गडबड बहुतेकदा पट्टीत, म्हणजे ‘सा’ किती उंच धरतो त्यात असते. कराओकेवर मूळ गायिकेच्या पट्टीत गायलं की वर घसा आवळतो आणि तिची नक्कल तेवढी उरते. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर काळी चार ही पट्टी लाव. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला ‘प’) तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातला ‘म’) न ताणता जाता येतं का बघ. खाली आवाज विरत असेल तर काळी पाच, वर ताण येत असेल तर काळी तीन.

रेकॉर्ड करताना मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेव, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा श्वास माइकवर आदळणार नाही. समोरच्या भिंतीवर गोधडी टांग; उघड्या भिंतींमुळे खोली घुमते. आणि कूलर बंद! त्याची घरघर आवाजात अशी मिसळते की नंतर काढायला गेलं तर आवाजही खरवडला जातो. मे महिन्यात पहाटेच रेकॉर्ड करावं लागेल. एकच गाणं एकदा प्रमाण मराठीत आणि एकदा घरी बोलतेस तसं, ‘करून राहिली’, ‘कायले’सकट लिहून बघ. कुठल्या गाण्यात ओळी आपोआप तालात बसतात ते कान सांगेल.

चित्रात सेल्फीवरून चेहरा काढू नकोस. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि तीच चूक चित्रात उतरते. आरशासमोर हातभर अंतरावर बस, दिवा एकाच बाजूला ठेव आणि २बी पेन्सिलीनं वीस मिनिटांत चेहरा संपव. सुरुवातीला डोळे फार वर जातात, कारण आपण कपाळ आणि केसांची जागा कमी धरतो. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. असे तीस चेहरे होऊ देत. सोबत एक वेगळं काम कर : तुझा स्वतःचा बडग्या, म्हणजे रागाचा पुतळा. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे तू पाहिलेच असतील. ज्याचा राग आहे त्याला सगळं शहर रूप देतं. तुला काय हाकलायचंय ते बांबूच्या कामट्या आणि रद्दी घेऊन बनव. याची नक्कल करायला इन्स्टाग्रामवर नमुना सापडणार नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

प्रत्येक कामाच्या मागे तारीख आणि एक ओळ : काय बदलावंसं वाटलं? शेवटी तीन ढीग कर. नक्कल केलेली, लाइकसाठी केलेली, आणि पुन्हा करावीशी वाटणारी. तिसरा ढीग लहानच असेल, पण लक्ष त्याच्याकडे दे.

आता निवडीचं. बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, हे चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि आपल्याकडे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. त्याची प्रवेश परीक्षा तुझी शैली बघत नाही, हात बघते : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. त्याचा सराव वरच्या कामाव्यतिरिक्त रोज तासभर लागेल. संगीताचं तसं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कुठल्याही पदवीसोबत देता येतात. म्हणजे आज संगीत सोडायची गरजच नाही. ठरवायचंय ते फक्त बीएफए की दुसरी पदवी. त्यासाठी यंदा इंजिनिअरिंग आणि बीएफए अशा दोन्ही सीईटींचे अर्ज भर. आईला तो तिसरा ढीग दाखव आणि तिची अट मान्य करूनच रोजच्या एका तासाची मागणी कर.