बेगमीचे डबे, भरलेला फ्रीझर आणि ‘भाजून घेतलं तर चालेल ना?’

मृग तोंडावर आला की घरोघरी माळ्यावरचे आणि फडताळातले डबे खाली उतरतात. गेल्या वर्षीचं काय उरलंय, नवीन किती भरायचं, जुनं संपवायचं कसं, हे प्रश्न मग माझ्याकडे येतात. यंदा आलेल्या पत्रांत एक वाक्य इतक्या वेळा भेटलं, की सगळ्यांना एकदमच उत्तर द्यायचं ठरवलं. ते वाक्य म्हणजे ‘चांगलं भाजून किंवा उकळून घेतलं तर चालेल ना?’ काही वेळा चालतं. काही वेळा मुळीच चालत नाही, आणि हा फरक वासावरून किंवा चवीवरून कळत नाही.

प्रश्न: दहा किलो आंबेमोहोरला टोके झालेत. सगळा तांदूळ टाकून द्यायचा का? (पुणे)

नाही. चाळा, पाखडा, चोळून धुवा आणि शिजवा. तांदूळ ओलसर असेल, गाठी झाल्या असतील किंवा कुबट वास येत असेल, तर मात्र तो खायचा नाही.

प्रश्न: किडे होऊ नयेत म्हणून दुकानदाराने गव्हात ठेवायला करड्या गोळ्या दिल्यात. पुरचुंडी बांधून कोठीत ठेवू का? (जालना)

ठेवू नका. करड्या रंगाच्या त्या गोळ्या बहुधा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीतही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या गोदामांसाठी, प्रशिक्षित माणसांच्या हातून वापरायच्या असतात. त्या सुट्या विकणारा दुकानदार कायदा मोडतो आहे. कोठीत ठेवून झाल्या असतील, तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि त्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नका. गोळ्यांवर पाणी ओतू नका. काढण्यासाठी कृषी अधिकाऱ्याला किंवा परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवा. घरात कोणाला मळमळ, धाप किंवा छातीत दडपण जाणवलं तर ‘थोडं बरं वाटतंय का बघू’ म्हणत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा आणि गोळ्यांचं नाव सांगा.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याबद्दलही काहींनी विचारलंय. तीही नको. थोडं धान्य असेल तर ते घट्ट पिशवीत भरून चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर धान्याला पाणी सुटतं.

प्रश्न: दिवाळीच्या आधी घेतलेले चार किलो शेंगदाणे उरलेत. वरवर निवडले तर काही दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी आहे, काही सुरकुतलेत. सासूबाई म्हणतात, खरपूस भाजून कूट करायचं, उपासाला लागतंच. नाहीतर घाण्यावरून तेल काढून आणू. अगदीच नाही तर गायीला घालू. काय करावं? (सातारा जिल्हा)

तिन्ही गोष्टी करू नका. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्याची धास्ती वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाण्यावर जी हिरवट-पिवळी बुरशी दिसते ती बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस जातीची असते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरशी मरते, विष राहतं, हे नीट लक्षात घ्या. कढईत दाणे खरपूस झाले की बुरशी मेली, हे खरं आहे. पण अफ्लाटॉक्सिन पुरतं मोडायला 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. तेवढी उष्णता दिली तर दाण्यांचा कोळसा होईल. भाजण्याने विष काहीसं कमी होतं, जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कूट करून खिचडीत घातलं की ते कोणाच्याही जिभेला कळणार नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय. त्याचा मारा यकृतावर असतो, आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना धोका कितीतरी पटींनी वाढतो. हे एका घासाने होत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाऊन होतं. म्हणूनच ‘आम्ही लहानपणापासून खातोय, काही झालं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. मोठी मात्रा एकदम गेली तर काय होतं तेही आपल्याकडे घडलेलं आहे. 1974 च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. जवळपास 400 लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. 106 माणसं दगावली. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. तुमच्यापुढे आहे.

आता तेलाचं. कारखान्यात रिफाइन करताना हे विष बहुतांश निघून जातं. लाकडी घाण्याच्या तेलावर तशी प्रक्रिया होत नाही, त्यामुळे थोडं तेलात उतरतं आणि उरलेलं बरंचसं पेंडीत राहतं. ती पेंड किंवा ते दाणे गायीने खाल्ले की विषाचं दुसरं रूप दुधातून बाहेर पडतं. म्हणजे दाणे गोठ्यात टाकून तुम्ही ते फिरवून नातवंडांच्याच पेल्यात आणता. पक्ष्यांनाही घालू नका. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी अचानक मेले, त्याचं मूळ शोधताना भुईमुगाच्या पेंडीतूनच या विषाचा शोध लागला.

मग निवडायचं कसं? नव्या, कोरड्या दाण्यांत चुकूनमाकून एखाददुसरा सुरकुतलेला, काळपट, फुटका दाणा असतोच. तो काढून टाकला की धोका बराच कमी होतो, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्या खराब दाण्यांत एकवटलेलं असतं. पण डब्यात उघड बुरशी दिसत असेल तर निवडत बसू नका, डबाच रिकामा करा. तुमचे चार किलो दाणे पिशवीत बांधून टाकून द्या, डबा गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. हे लिहिताना मलाही जड जातं. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरांतच मीही वाढले. पण ते आता अन्न राहिलेलं नाही.

आणि एक विनंती. बाजारात सुटं तयार कूट मिळतं, ते घेऊ नका. कुठले दाणे दळलेत हे दळल्यावर कळायला मार्ग नसतो, आणि फुटका, सुरकुतलेला माल खपवायची ती सोपी वाट आहे. जास्त मिठाच्या, मसाल्याच्या खाऱ्या दाण्यांतही हेच झाकलं जातं. दाणे महिन्याला लागतील तेवढेच घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत ते फ्रीजमध्येच ठेवा. सासूबाईंना कावीळ होऊन गेली असेल, घरात कोणाचं यकृताचं दुखणं असेल किंवा असे दाणे बरेच दिवस खाण्यात आले असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि त्यांनी सुचवलेल्या तपासण्या करून घ्या.

प्रश्न: लोणच्यावर पांढरा थर आलाय. वरचा काढून खालचं खाऊ का? (नागपूर)

नको. बुरशीचे धागे खालपर्यंत गेलेले असतात.

प्रश्न: बंदीच्या आधी बांगडे, सुरमई आणि कोळंबी घेऊन फ्रीझर भरला होता. वादळात दोन दिवस वीज नव्हती. परत आल्यावर सगळं पुन्हा गोठलंय. वास काही नाही. तळून संपवू का? (श्रीवर्धन)

1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणून मेच्या अखेरीस फ्रीझर भरायचा. आणि वादळंही नेमकी त्याच सुमारास. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. त्यामुळे हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही.

काठोकाठ भरलेला डीप फ्रीझर दार न उघडल्यास साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. एका दाराच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याला हे आकडे लागू नाहीत, तो खूप आधी वितळतो. वीज आली तेव्हा माशांत बर्फाचे कण शिल्लक होते का, हे कोणी पाहिलं होतं? पाहिलं नसेल तर ते आता कळणार नाही, कारण सगळं पुन्हा गोठलंय. अशा वेळी टाकून द्या, आणि बांगडे तर सर्वांत आधी. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे थंडीबाहेर राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळल्याने किंवा कालवणात उकळल्याने जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला ‘मासे बाधले’ म्हणतात आणि घरचं औषध घेऊन पडून राहतात. तसं करू नका. श्वास लागत असेल तर लगेच दवाखान्यात जा.

पुढच्या वेळेसाठी वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरात राहू द्या. घरी आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मध्ये सगळं वितळलं होतं.

प्रश्न: उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी कुकरला पुन्हा शिटी काढून फोडणी दिली तर? (ठाणे)

बॅसिलस सीरियस नावाचा जंतू कोमट भातात वाढतो आणि उलटी घडवणारं जे विष सोडतो, ते कुकरच्या वाफेलाही दाद देत नाही. भात शिजल्यावर ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून फोडणी द्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकायचा. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला उलट्या-जुलाब सुरू झाले, तर मीठ-साखरेचं पाणी सुरू करून डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वीचे वाल आणि राजमा काही केल्या शिजत नाहीत. (नाशिक)

उष्ण, दमट जागी राहिलेलं कडधान्य असं दगडासारखं होतं. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, ते पाणी टाका, शिजवताना चिमूटभर सोडा घाला. बोअरवेलचं जड पाणी वापरू नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ आणि सोड्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. राजमा मात्र मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कधीही शिजवू नका. कच्च्या राजम्यातलं विष खळखळून उकळल्यावरच जातं. साधा प्रेशर कुकर उत्तम.

प्रश्न: ‘बेस्ट बिफोर’ उलटून गेलेला रवा आणि ‘एकावर एक मोफत’मध्ये मिळालेली सहा पाकिटं बाळाच्या खाऊची. दोन्ही संपवायचेत. (कोल्हापूर)

‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि कुरकुरीतपणाची तारीख. रवा कोरडा असेल, जाळी धरली नसेल, कुबट वास नसेल तर चाळून वापरा. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मात्र शेवटची तारीख, त्यानंतर खायचं नाही. बाळाच्या खाण्याला तर एका दिवसाचीही सवलत नाही. एकावर एक का मिळालं, हे पाकीट उलटं करून पाहिलं असतं तर दुकानातच कळलं असतं. तारीख जवळ आलेला माल असाच खपवतात. छापील तारखेवर स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बाळाला आता काय द्यायचं, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: आई सहा महिने राहून भारतात परतली. फ्रीझरात चाळीसेक पुरणपोळ्या, आमरस, ओलं खोबरं आणि मटार, कपाटात भाजणी, कुळीथ पीठ, बाजरीचं पीठ, तीळ, जवस. कुठून सुरुवात करू? (मेलबर्न)

कपाटापासून. उणे 18 अंशांवर गोठलेलं अन्न बिघडत नाही, फक्त हळूहळू कोरडं आणि बेचव होतं. कपाटातलं रोज बिघडतंय. पहिलं बाजरीचं पीठ: त्यातला स्निग्धांश दळल्यापासून फुटायला लागतो आणि पीठ आठवड्या-दोन आठवड्यांत कडवट होतं. कडू झालं असेल तर गूळ-तूप घालून लपवू नका, टाका. मग जवस आणि तीळ, खवट लागत नसतील तर लगेच चटणी करा आणि ती फ्रीजमध्ये ठेवा. त्यानंतर भाजणी, शेवटी कुळीथ.

फ्रीझरात आधी खोबरं, दोन-तीन महिन्यांत त्याला साबणासारखी चव येऊ लागते. मग पोळ्या. लागतील तेवढ्याच आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर वितळवू नका, आणि वितळलेल्या पुन्हा गोठवू नका. आमरस आणि मटार शेवटी आले तरी चालतील. घरात कोणाला मधुमेह असेल तर पोळ्या आणि आमरस संपवायची घाई करू नका. रोज किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि उरलेल्या मित्रमंडळींत वाटून टाका. पुढच्या वेळी आईंना प्रत्येक पिशवीवर तारीख लिहायला सांगा.