माकुळातला जाड मज्जातंतू

प्रश्न : ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलन हॉजकिन यांनी ज्या मज्जातंतूवर प्रयोग केले, तो ससून डॉकवरून आणलेल्या माकुळात (स्क्विडमध्ये) दिसेल का? (एक शिक्षिका, कुलाबा)

उत्तर : दिसेल, पण माकूळ साफ करून आणू नका, आतडी ओढताना तंतू तुटतात. डोक्याखाली पाणी फेकणारी नळी असते, त्या बाजूने उभी चीर देऊन अंग उलगडा. आतल्या भिंतीवर डोक्याजवळ, डावी-उजवीकडे एकेक चांदणीसारखी गाठ असते. तिथून शेपटाकडे जाणाऱ्या सर्वांत जाड दोरीत तो तंतू असतो. बर्फातल्या मेलेल्या माकुळात विजेचा संदेश मात्र वाहत नाही.

हॉजकिन (१९१४-१९९८) आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथला सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या जिवंत तंतूत व्होल्टेज मोजायला ०.१ मिलिमीटरची काचनळी आत सरकवली. नळी भिंतीला घासली की पापुद्रा फाटतो, तंतू निकामी! म्हणून तंतू उभा टांगून, आरशातून बाजूने पाहत ती खाली सोडायची. संदेश जाताना, एरवी ऋण असलेला आतला व्होल्टेज शून्यावर येईल अशी अपेक्षा होती. तो शून्य ओलांडून धन झाला. हा खरा शोध. मग युद्ध आलं, हॉजकिन रडारच्या कामाला लागले. सोडियम आत शिरतो म्हणून असं होतं, हे नंतर उलगडलं; १९५२ मध्ये या संदेशाचं गणित मांडणारी समीकरणं आली, १९६३ मध्ये नोबेल.