शकुनीने दुर्योधनाला नेमकं काय केलं? बाहुलं बनवलं, कान भरले की भरीला घातलं?

प्रश्न असा आहे: "मॅनिप्युलेट करणे याला मराठीत एक नेमका शब्द आहे का? मी लिहिलं होतं की 'शकुनीने दुर्योधनाला कळसूत्री बाहुली बनवलं होतं', तर मैत्रीण म्हणाली हे खटकतंय, पण का खटकतंय ते तिलाही सांगता येईना. मग काय लिहू?"

मैत्रिणीचा कान तयार आहे, हे आधी सांगतो. वाक्य व्याकरणात बसतंय पण गोष्टीत बसत नाहीये. एकच शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण मॅनिप्युलेट या एका शब्दात आपण आजकाल जे सगळं कोंबतो त्यासाठी मराठीत निदान आठदहा वाक्प्रचार आहेत आणि त्यातला प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो, म्हणजे समोरचा माणूस किती बलवान आहे, त्याला स्वतःला काही हवं होतं की नव्हतं, त्याला कळत होतं की नव्हतं, हे सगळं त्या क्रियापदातच येऊन जातं. म्हणून आधी गोष्ट नीट बघू, मग शब्द लावू.

सभापर्वातला प्रसंग घ्या. राजसूय यज्ञ झालाय, दुर्योधन शकुनीबरोबर मयसभेत फिरतोय. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून कपडे वर धरतो, पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट आत पडतो, भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात, नोकरचाकरसुद्धा हसतात. (द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली ते वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, नाही, ते डोक्यातून काढून टाका, त्या एका वाक्याने सगळा दोष तिच्यावर ढकलला जातो.) इथे महाभारत दुर्योधनाला 'अमर्षण' म्हणतं. अमर्ष म्हणजे सहन न होणं. मत्सर त्याचाच भाऊ, पण अमर्षात आपला अपमान झालाय ही आग जास्त असते. हा शब्द लक्षात ठेवा, कारण शकुनी तोंड उघडायच्या आधीच ही आग लागलेली आहे.

परतीच्या वाटेवर दुर्योधन गप्प, नुसते उसासे. मामा विचारतो काय झालं. तेव्हा हा एवढा मोठा युवराज, ज्याच्या दिमतीला भीष्म-द्रोण आहेत, तो म्हणतो मी आगीत उडी घेईन, विष खाईन, पाण्यात जीव देईन, मला आता जगणं शक्य नाही. आता शकुनीचं उत्तर बघा. तो पांडवांबद्दल एक वाईट शब्द बोलत नाही! तो म्हणतो, अरे ते त्यांच्या नशिबाचं खातायत, त्यांना द्रौपदी मिळाली, द्रुपद मिळाला, वासुदेव मिळाला, अर्जुनाने अग्नीला खूश करून गांडीव मिळवलं, मग त्यात रडण्यासारखं काय आहे? 'तत्र का परिदेवना' हे तो पुन्हा पुन्हा म्हणतो.

म्हणूनच 'कान भरणे' इथे चालत नाही. कान भरायला तिसऱ्या माणसाची निंदा लागते, "ती तुझ्याबद्दल असं म्हणत होती" ही सामग्री लागते, आणि ऐकणारा हलक्या कानाचा लागतो. शकुनीने यातलं काहीच केलेलं नाही. वरून बघितलं तर तो समजूत घालतोय. पण समजूत घालताना ज्या ज्या गोष्टी त्या माणसाला बोचतायत त्यांची एकेक करून यादी वाचतोय, द्रौपदी, गांडीव, मयसभा, आणि प्रत्येक वेळी वर म्हणतोय की यात रडायचं काय. माझ्या मते सगळ्या महाभारतात माणूस हाताळण्याचा इतका बारीक नमुना दुसरा नाही. जखमेवर मीठ चोळायचं आणि चोळणारा हात मलम लावतोय असं वाटायला लावायचं.

मग तो म्हणतो तू एकटा कुठेयस, द्रोण आहे, अश्वत्थामा आहे, कर्ण आहे, कृप आहे, मी आहे, पृथ्वी जिंक. दुर्योधन लगेच उठतो, चला मग युद्ध करू. तेव्हा मामा हळूच ब्रेक लावतो: युद्धात ते हरणार नाहीत, पण एक उपाय मला माहीत आहे. 'द्यूतप्रियश्च कौन्तेयो न च जानाति देवितुम्', युधिष्ठिराला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही, आणि आव्हान दिलं तर तो मागे फिरू शकणार नाही. बघा, आधी चढवला, मग उतरवला, आणि तो उतरून जिथे उभा राहिला तिथे समोर एकच दरवाजा उघडा ठेवला. दुर्योधनाला वाटतंय दरवाजा मीच निवडला.

याला मराठीत भरीला घालणे म्हणतात. माझं उत्तर हेच आहे. "त्याने मला भरीला घातलं", "उगाच त्याच्या भरीला पडू नकोस". या प्रयोगात गंमत अशी की भरीला पडणारा माणूस दुबळा असायची अट नाही, चांगला शहाणा, पैसेवाला, अधिकारी माणूससुद्धा भरीला पडतो, आणि पडताना त्याचा स्वतःचा उत्साह त्यात असतो.

आता कळसूत्री बाहुली का नको. बाहुलीला स्वतःची इच्छा नसते. दोरी सोडली की ती खाली. दुर्योधनाचं तसं आहे का? शकुनी म्हणतो आता हे तुझ्या वडिलांना सांग, तर दुर्योधन म्हणतो माझ्याने सांगवणार नाही, तूच सांग. मामा जाऊन धृतराष्ट्राला सांगतो की पोरगा फिका पडलाय, वाळलाय, काळजीने झुरतोय. पुढे धृतराष्ट्र म्हणतो विदुराला विचारून ठरवू, त्यावर दुर्योधन काय म्हणतो ते वाचा: विदुर आला की तो तुम्हाला थांबवणार, तुम्ही थांबलात की मी मरणार, आणि मग मी मेल्यावर विदुराबरोबर सुखात राहा! हे मामाने पढवलेलं नाही. हे त्याचं स्वतःचं आहे. आज आपण याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणतो, मराठीत 'वेठीला धरणे' हे अगदी फिट बसतं. वेठ म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, संस्कृत विष्टि वरून आलेला शब्द. मुलाने बापाच्या मायेला वेठीला धरलं. म्हणजे ज्याला आपण बाहुली म्हणतोय तो स्वतः पुढच्या माणसाची दोरी ओढतोय. अशाला बाहुली म्हटलं की त्याची जबाबदारीच संपते, आणि मैत्रिणीला बहुतेक हेच खटकलं असणार.

बाकीचे शब्द पटपट बघू. 'मुठीत ठेवणे', 'कह्यात असणे', 'ताटाखालचं मांजर' यात धाक आहे, एकाचं दुसऱ्यावर वजन आहे. शकुनी गांधारचा राजा असला तरी हस्तिनापुरात तो बहिणीच्या सासरी आलेला माणूस, त्याचा धाक कोणाला असणार. 'फूस लावणे' यात ऐकणारा अजाण असतो, म्हणून बातम्यांमध्ये अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवलं असं येतं, युवराजाला फूस लावली म्हटलं की तो एकदम लहान वाटायला लागतो. 'चिथावणे' चालेल, पण चिथावणी उघड असते, आवाज चढवून दिलेली असते, त्यात सबुरी नाही. 'नादी लावणे' हे दुर्योधनापेक्षा युधिष्ठिराला जास्त लागू आहे, कारण नाद त्याला होता, फाशांचा. आणि हलक्या कानाचा कोण म्हणाल तर धृतराष्ट्र. म्हणजे एकाच माणसाने तिघांना तीन वेगवेगळ्या जागी पकडलं, आणि तिघांसाठी एकच मॅनिप्युलेट वापरलं तर ही सगळी कारागिरी दिसेनाशी होते.

कोणी म्हणेल 'कळीचा नारद' का नाही? इथली कळी म्हणजे फुलाची कळी नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ही कळ म्हणजे भांडण, कळ लावणे, कळ काढणे यातली, मुळात संस्कृत कलि. नारद कळ लावतो आणि निघून जातो, त्याला त्यातून स्वतःचं काही साधायचं नसतं. शकुनी निघून जात नाही, तो शेवटपर्यंत, अठराव्या दिवशी सहदेवाच्या हातून मरेपर्यंत, तिथेच असतो.

कलिवरून एक फार सुंदर धागा सांगायचाच आहे. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. इथे कलि म्हणजे कलियुगच माणसासारखं वावरणारं, आणि द्वापर त्याचा सोबती. कलि बारा वर्षं नळाच्या चुकीची वाट बघतो, एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो आणि कलि त्याच्या अंगात शिरतो. आणि द्वापर? तो फाशांमध्ये शिरतो, कलीला मदत करायला. नळ मग सगळं हरतो. या प्रकाराला 'झपाटणे' म्हणायचं, कारण इच्छा नळाची नव्हतीच, आत दुसराच बसला होता. आता आदिपर्व उघडा, तिथे कोण कुणाच्या अंशाने जन्माला आला याची यादी आहे: दुर्योधन कलीच्या अंशाने आणि शकुनी द्वापराच्या. म्हणजे नळाच्या गोष्टीतली तीच जोडी! आणि त्या जोडीत मुख्य कोण? कलि. द्वापर मदतनीस. (कृत, त्रेता, द्वापर, कलि ही युगांसारखीच फाशांच्या दानांचीही नावं आहेत, कलि सगळ्यात हलकं दान.) आपण टीव्ही बघून बघून शकुनीला मालक आणि दुर्योधनाला गडी करून टाकलंय, महाभारताच्या हिशोबात मात्र आग दुर्योधनाची आहे आणि फासे मामाचे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन दिवस दुसऱ्या कशाचा विचार करू शकलो नव्हतो.

म्हणून दुर्योधनाच्या बाजूने बोलायचं असेल तर सगळ्यात नेमका वाक्प्रचार 'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे' हा. यात तहान स्वतःची असते, फक्त ओंजळ दुसऱ्याची. किती पाणी मिळणार, कुठलं मिळणार, कधी मिळणार हे ओंजळवाला ठरवतो, पण तहान त्याने निर्माण केलेली नाही. बाहुली आणि ओंजळ यात हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पकड किती घट्ट होती याचाही एक पुरावा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. घोषयात्रेत, म्हणजे गुरं बघायच्या निमित्ताने कौरव वनवासातल्या पांडवांना खिजवायला जातात तेव्हा, गंधर्व दुर्योधनाला पकडतात, पांडवच त्याला सोडवतात, आणि त्या लाजेने तो अन्नपाणी सोडून मरायला बसतो. मयसभेनंतरचीच अवस्था, पुन्हा तोच जीव द्यायचा हट्ट. तिथेही शकुनी आहे. आणि तो म्हणतो, असा जीव देऊ नको, त्यांनी केलेले उपकार आठव, पांडवांना त्यांचं राज्य परत दे आणि यश मिळव! होय, शकुनी म्हणतो हे. दुर्योधन ऐकतो का? नाही. सगळं राज्य सोडाच, पुढे तो सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनसुद्धा द्यायला तयार होत नाही. द्यूत खेळू या म्हणाल्यावर मामाचं ऐकलं, राज्य परत दे म्हणाल्यावर नाही ऐकलं. तहान ज्या पाण्याची होती तेच पाणी ओंजळीतून प्यायला, दुसरं दिलं तर तोंड फिरवलं.

दोन गोष्टी राहिल्या. 'मामा बनवणे' हा प्रयोग शकुनीमामावरून आलाय का असं लोक विचारतात. अर्थ उलटा पडतो ना, मामा बनवला जातो तो फसतो, शकुनी तर फसवणारा मामा, त्यामुळे मला ते पटत नाही. आणि बापाच्या हाडांचे फासे, तुरुंगात एकेक भाताचं शित, कुरुकुळाचा सूड, ही लोककथेतली भर आहे, व्यासांच्या महाभारतात नाही. त्या गोष्टीतला शकुनी धरला तर तुमचं कळसूत्री बाहुलीवालं वाक्यसुद्धा चालून जाईल, कारण तिथे सगळा बेत त्याचा एकट्याचा आहे.

पण व्यासांचा शकुनी धरून लिहिणार असाल तर असं लिहा: "अपमानाने आधीच पेटलेल्या दुर्योधनाला शकुनीने द्यूताच्या भरीला घातलं." कर्ता दुर्योधन हवा असेल तर: "दुर्योधन शकुनीच्या ओंजळीने पाणी पीत होता." दुसरं वाक्य मैत्रिणीला वाचून दाखवा आणि आता खटकतंय का विचारा.