मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड उठतं का?

नाही, उठत नाही. तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या मुलाच्या गालावर आणि तुमच्या पाठीवर फिकट डाग दिसायला लागले, आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी घरात मासे बंद केले. मी दापोली तालुक्यात औषधाचं दुकान चालवते. पावसाळा लागला की हा प्रश्न माझ्या काउंटरवर येतोच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती मला ओळखू येते, म्हणून सविस्तर लिहिते.

कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना आपलीच प्रतिकारशक्ती परकं समजून मारून टाकते. काही घराण्यांत ते जास्त दिसतं, काहींना सोबत थायरॉइडचा त्रास असतो. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. जगात शंभरात साधारण एकाला असतं, आणि जन्मात मासा न खाल्लेल्या घरांतही असतं. बंगालात दह्यातला मासा आवडीने खातात, युरोपात माशाचं सूप दुधात करतात. आयुर्वेदाने मासे-दूध विरुद्ध आहार सांगितलाय हे खरं, ज्याला पाळायचं त्याने जरूर पाळावं. पण कोडाचं कारण ते नाही. नारळाच्या रसातली आमटी आणि सोलकढी तर या हिशोबात धरूच नका, त्यात दूध कुठे आहे?

मासे खाल्ल्यावर अंगावर काही उठतं हा अनुभव मात्र खोटा नाही. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लालबुंद होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. त्या रात्री दूध प्यायलेलं असलं की आळ दुधावर येतो. पण ही लाली काही तासांत उतरते आणि तिचे पांढरे डाग होत नाहीत.

माझ्या मावशीला कोड होतं. हर्णैला राहायची, बंदरावरचा लिलाव घरापासून हाकेच्या अंतरावर. चाळिशीत बोटांवर आणि कपाळावर डाग आले आणि कोणीतरी सांगितलं, मासे सोड. बारा वर्षं सोडले तिने. घरातल्या सगळ्यांसाठी मासे साफ करायची, कालवण करायची, आणि स्वतः वरणभात जेवायची. डाग वाढायचे ते वाढतच राहिले. मधेच कोणीतरी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं. बावचीत सोरालेन असतं, त्याने त्वचा उन्हाला फार हळवी होते. तेच द्रव्य मोजून-मापून उपचारात वापरलंही जातं, पण अंगणातल्या उन्हाला माप नसतं. तिच्या हातावर पाण्याने भरलेले फोड आले. शेवटी पुण्याला लेकीकडे राहून तिने अतिनील किरणांचा उपचार घेतला, आठवड्यातून दोनदा, कित्येक महिने. कपाळावरचा रंग बराच परत आला. बोटांवरचा नाही आला, कारण नवा रंग केसांच्या मुळांतून येतो आणि बोटांच्या टोकांना केस नसतात. कारण मासे नाहीत आणि यावर उपचार आहे, हे तिला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बारा वर्षं वाया गेली नसती. म्हणून मला या मासे-दुधाच्या गोष्टीचा राग येतो.

आता तुमच्या डागांबद्दल. मी डॉक्टर नाही आणि डाग पाहिलेले नाहीत, पण वर्णनावरून मुलाच्या गालावरचं कोड वाटत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, कड स्पष्ट. मुलांच्या गालावर येतात ते फिकट, कडेला विरघळलेले, जरा खरखरीत. लोक त्याला जंत म्हणतात, कॅल्शियम कमी म्हणतात आणि गोळ्या मागतात. तो कोरड्या त्वचेचा सौम्य इसब असतो. साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. जायला महिने लागतात, पण जातो.

तुमच्या पाठीवरचं शिबं असावं. नखाने हलकं खरवडून बघा, बारीक कोंडा निघाला तर शक्यता जास्त. ही बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, पण आपल्याकडच्या घामट हवेत फोफावते आणि तेलावर पोसते. म्हणजे मुलाच्या गालाला चालणारं खोबरेल तुमच्या पाठीला नको. केटोकोनॅझोलचा शांपू किंवा लोशन डॉक्टर लिहून देतात. बुरशी मेली तरी रंग भरायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा औषध लागू पडलं नाही असं समजून दुसरं सुरू करू नका. पुढच्या पावसाळ्यात ते परत येऊ शकतं.

एक कळकळीची विनंती. शेजारणीकडची ‘सगळ्यावर चालते’ ती ट्यूब लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी आत पसरत जाते, त्वचा पातळ होते. चिठ्ठीशिवाय मागितली तर मी देत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

टिकलीच्याच जागी पांढरं झालं तर टिकली बंद करा, तिच्या गोंदातल्या रसायनाने तसं होतं. आणि कुठल्याही फिकट डागावर कापूस फिरवून बघा. स्पर्श कळत नसेल तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध तिथे फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या. मासे-दुधाचं त्यांनीच विचारू दे आणि उत्तर त्यांच्याच कानांनी ऐकू दे. मुलाचं ताट मात्र तोवर अडवू नका, आज बाजारात ताजा बांगडा आला असेल तर आणा.