कॅनडातल्या विनिपेगच्या पहिल्या हिवाळ्याआधी

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काकू, इथली थंडी मला झेपेल ना?" तुझ्या लॅबमधला एक जण म्हणतो, हिवाळ्यातच खरी मजा; दुसरी म्हणते, फेब्रुवारीत जीव नकोसा होतो. दोघंही खरंच सांगताहेत. सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण फोनवर तू पटकन "हो हो, कळलं" म्हणतेस.

थंडी झेपेल. जानेवारीत इथलं सरासरी कमाल तापमान उणे ११ आणि किमान उणे २१ अंशांच्या आसपास असतं, मधूनच उणे ३० च्या खालीही जातं. पण त्यावर कपड्यांचा उपाय आहे. मला काळजी वाटते ती अंधाराची आणि तू खोलीत कोंडून घेशील याची.

तू निफाडकडची. पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पण आठव, तिकडे थंडी घरात असते आणि ऊब बाहेर. सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही म्हणून सगळे चहा घेऊन ओट्यावर कोवळ्या उन्हात जाऊन बसतात. हुरडा शेतात, शेकोटी अंगणात. आपल्याकडे हिवाळा माणसांना घराबाहेर काढतो. इथे उलटं. घरात वीस-एकवीस अंश, टी-शर्टवर बसावं इतकं उबदार, त्यामुळे बाहेर पडायचं काही कारणच उरत नाही. दिवस कसे जातात कळत नाही, आणि मग एक दिवस लक्षात येतं की आठवडाभर आपण कुणाशी समोरासमोर बोललेलोच नाही.

त्यात तुमच्या विद्यापीठातले ते बोगदे. इमारतींना जमिनीखालून जोडणारे ते रस्ते मोठी सोय आहेत, वादळी वाऱ्यात जरूर वापर. पण डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. जेमतेम आठ तासांचा दिवस. तुझ्या घरी त्याच दिवशी जवळपास अकरा तास उजेड असतो. तू अंधारात बस पकडणार, दिवसभर लॅब, जेवायला बोगद्यातून जाणार आणि अंधारातच परत. असा महिना काढलास तर मन बसणारच, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

नॉर्मन रोझेंथल नावाचे डॉक्टर जोहान्सबर्गहून अमेरिकेत आले. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांना स्वतःच्या बाबतीत जाणवलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसालाच ते जाणवावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. झोप संपत नाही, गोड आणि पिठूळ खावंसं वाटत राहतं, कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही, अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा. दहा हजार लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास समोर ठेवायचा, हा उपाय बऱ्याच जणांना लागू पडतो. फक्त डोळ्यांचं काही दुखणं असेल किंवा मनाची औषधं चालू असतील तर आधी विचारून घे. ड जीवनसत्त्वाचंही तिथेच विचार. हिवाळ्यात इथला सूर्य इतका खाली असतो की त्वचेला ते तयार करता येत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला एरवीही जास्त ऊन लागतं.

यापलीकडे माझा एकच आग्रह आहे. रोज दुपारी, बारा ते दोनच्या मध्ये, वीस मिनिटं उघड्यावर चाल. उन्हाला ऊब नसेल, पण उजेड असेल. इथे सर्वांत कडक थंडीचे दिवस बहुधा निरभ्र असतात. नाकातले केस गोठून टोचतात, पायाखाली बर्फ करकर वाजतो, सूर्याच्या दोन्ही बाजूंना कधी कधी दोन फिके प्रतिसूर्य दिसतात. रस्त्याकडेला उभ्या गाड्यांच्या पुढून विजेची वायर लोंबत असते, इंजिन गोठू नये म्हणून ती रात्री खांबाला जोडतात. हे सगळं बाहेर पडल्याशिवाय दिसत नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. अंगालगत सुती नको, घाम धरून ठेवतं आणि मग गारठवतं. थर्मल, त्यावर आईने विणलेला स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे घे. कानटोपी घालायला लाजू नकोस, इथे सगळेच घालतात. तापमानापेक्षा वाऱ्यासकटचा आकडा, म्हणजे वारा धरून थंडी किती जाणवेल तो, पाहायची सवय लाव. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली पाच-दहा मिनिटांत. गालावर पांढरा बधिर डाग दिसला तर चोळू नकोस. आत ये आणि तळहाताची ऊब दे.

इथली माणसं हिवाळ्याकडे कशी बघतात, तेही पाहा. कुणी तक्रार करतं, पण तुझी गाडी बर्फात रुतली तर तोच उतरून धक्का मारतो. दोन नद्यांच्या संगमावर, फोर्क्सला, गोठलेल्या पात्रावर लोक पोरांना घेऊन स्केटिंग करतात. फेब्रुवारीत सेंट बोनिफेसमध्ये फ्रेंच वस्तीचा मोठा हिवाळी उत्सव असतो. आणि इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांत काही कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, अशी रीत आहे. कितीतरी पिढ्यांनी हा ऋतू असा माणसांत राहून काढला आहे. नॉर्वेत ट्रॉम्सोला झालेल्या एका अभ्यासातही दिसलं की लांब अंधाराच्या प्रदेशातले बरेच लोक हिवाळ्याकडे संधी म्हणून पाहतात आणि तसं पाहणारे अधिक समाधानी असतात. ते खरं मानते मी, पण "तुझा दृष्टिकोन चुकतोय" असं कुणी तुला सुनावलं तर ऐकू नकोस. हिवाळा आवडलाच पाहिजे अशी सक्ती नाही. माझ्या ओळखीत वीस-वीस वर्षं राहून तो न आवडणारी माणसं आहेत, आणि ती इथे सुखाने राहतात.

सर्वांत जड जाईल तो मार्च. घरच्यांचे होळी-रंगपंचमीचे फोटो येतील आणि तुझ्या खिडकीबाहेर बर्फच असेल. तेव्हा आईला "सगळं छान" सांगू नकोस, कंटाळा आलाय म्हण. आणि माझ्याकडे ये. पुरणपोळी आम्ही दर होळीला करतोच, लाटायला दोन हात हवेच असतात.

शनिवारी अकरा वाजता बूट घ्यायला जाऊ. जाड मोजे घालूनच ये, म्हणजे माप बरोबर बसेल. अंगठ्यापुढे थोडी जागा हवी. बसथांब्यापासून आमच्या घराकडचा उतार मात्र बेताने उतर, तिथे पातळ बर्फ धरला आहे.

तुझी,
काकू